कोल्ड रूममधली ऊब

हे घडलेलं आहे.

कुणाच्या तरी मित्राच्या मित्राचं नाही. माझ्या सख्ख्या वहिनीचं आहे. आणि जे मुख्य घडलं तेव्हा मी स्वतः तिथे थर्मामीटर हातात धरून उभा होतो.

अजून एक आधीच सांगून टाकतो. यात मध्यरात्र नाही. फेब्रुवारीतला दुसरा रविवार होता. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं आणि गेटवरचा वॉचमन रेडिओ लावून बसलेला.

रात्रीचं असतं तर बरं झालं असतं. मी अंधाराला दोष देऊन मोकळा झालो असतो.

मी कूलिंगचा मेकॅनिक. बावीस वर्षं झाली. घरातले फ्रिज, दुकानातले डीप फ्रीझर, कंपन्यांच्या कोल्ड रूम, सगळं करतो. रिकाम्या, बंद, गार खोल्यांमध्ये एकट्याने काम करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तिथे आवाज येतातच. पाइप आकसतात. पत्रा कडकड करतो. पंखा कुरकुरतो. मी गमतीने म्हणायचो, प्रत्येक भुताला एक ढिला स्क्रू असतो, तो आवळला की भूत जातं.

आता म्हणत नाही.

वहिनी एका छोट्या कंपनीत आहे. तिथे एन्झाइम बनवतात. म्हणजे नक्की काय, हे मी तिला पूर्वी एकदा जेवताना विचारलं होतं.

"शरीरात साखर जळते, म्हणून आपल्या अंगात ऊब असते ना, भाऊजी," ती म्हणाली. "पण ते जळणं एका झटक्यात होत नाही. पायरी पायरीने होतं. प्रत्येक पायरीवर एकेक कामगार बसलेला असतो. आमचं एन्झाइम म्हणजे त्यातला एक कामगार. मुळात एका बॅक्टेरियातला. त्याचा जीन काढून आम्ही दुसऱ्या गरीब बिचाऱ्या बॅक्टेरियात घालतो. मग तो आम्हाला हवा तेवढा माल बनवून देतो."

"कुणी घेतं का हे?"

"लॅबवाले घेतात. औषध नाही ते. बाटलीवर छापलेलंच असतं, फक्त संशोधनासाठी."

"आणि त्या बिचाऱ्या बॅक्टेरियाचं पुढे काय होतं?"

"त्याला फोडतो आम्ही. तो मरतो. एन्झाइम मात्र आपलं काम करत राहतं. मालक गेला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं."

तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

त्या एन्झाइमचं एकच पथ्य. गारठा. फोडलेल्या बॅक्टेरियाचं पाणी एका उभ्या काचेच्या नळीतून गाळतात, तिला ते कॉलम म्हणतात. खालून थेंब थेंब पडतो. खाली ट्यूब लावलेलं एक गोल यंत्र असतं. एक ट्यूब भरली की टक् करून पुढची ट्यूब येते. सात-आठ तास हेच. थेंब... थेंब... टक्. आणि हे सगळं चार डिग्रीच्या खोलीत. ऊब लागली की माल मेला.

शनिवारी बॅक्टेरिया फोडले की रविवारी कॉलम चालवावाच लागतो, थांबता येत नाही. म्हणून रविवारच्या पाळ्या. एक रविवार वहिनीचा, एक अक्कांचा.

अक्का म्हणजे तिथली सगळ्यात जुनी बाई. वहिनीला सगळं काम त्यांनीच शिकवलं. त्यांच्या हातचा लॉट कधी बिघडला नाही. साहेब म्हणायचे, अक्कांच्या हाताला गुण आहे.

नोव्हेंबरात अक्का वारल्या. कोल्ड रूममध्येच.

हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहिलं. साठीला आलेली बाई, रविवारी एकटी, गारठ्यात. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढचे तीन लॉट बिघडले.

जानेवारीच्या शेवटी दादाचा फोन आला. दादा एरवी मला फोन करत नाही. केला तरी "जेवलास का" च्या पुढे जात नाही.

"तुझ्या वहिनीचं काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला. "झोपत नाही. रविवार आला की हातपाय गळतात तिचे. साहेबांनी सांगितलंय, अजून एक लॉट गेला तर दुसरा माणूस बघू. पण मला वाटतं गोष्ट नोकरीची नाही. तू एकदा ती खोली बघून ये."

"खोलीला काय झालंय?"

दादाने आवाज खाली आणला.

"ती म्हणते, खोलीत गरम होतं."

बुधवारी दुपारी मी गेलो. वहिनीने साहेबांना सांगून ठेवलं होतं.

खोली साधी होती. दहा बाय बारा. एकच जाड दार, आतून नुसत्या धक्क्याने उघडणारं. आत शिरलं की समोर छताला पंखा. दाराजवळ नवीन स्टीलचा रॅक. त्या रॅकला जागा करायला काम करायचं टेबल अक्का गेल्यावर लगेच उजवीकडच्या लांब कोपऱ्यात सरकवलेलं. टेबलावर कॉलम, ते गोल यंत्र. टेबलापुढे एक स्टूल.

मी गॅस तपासला. बरोबर. कॉइलवर बर्फ नाही. दाराचं रबर घट्ट. खोलीचा मीटर चार दाखवत होता. माझा मीटरही दाराजवळ चार. पंख्याखाली चार.

"सगळं ठणठणीत आहे," मी म्हणालो.

वहिनी दारातच उभी होती. आत आली नव्हती.

"कोपऱ्यात बघा," ती म्हणाली.

माझ्या मीटरला लांब वायर आहे, वायरच्या टोकाला पेन्सिलीएवढी सळई. ती सळई मी स्टुलाच्या वर धरली.

चार... नऊ... एकवीस...

सदतीस.

जिवंत माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब. मला वाटलं सेल संपला. सेल बदलला. सदतीस. गाडीतून दुसरा मीटर आणला. सदतीस.

मग मी तिथल्या वस्तूंवर बंदुकीसारखा मीटर रोखला. तो हवा मोजत नाही, वस्तू मोजतो. स्टूल चार. भिंत चार. टेबल चार.

म्हणजे गरम वस्तू तिथे कुठलीच नव्हती.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांना सांगतो. गरम हवा वर जाते. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. पंखा चालू असलेल्या बंद खोलीत गरम हवेचा गोळा एका जागी थांबूच शकत नाही. पाण्यात पाण्याचा खांब उभा राहावा, तसं आहे ते.

मी सळई हळूहळू फिरवली.

स्टुलाच्या बैठकीखाली... चार.

बैठकीच्या वर एक वीत... सदतीस.

आणखी वर, आणखी वर... सदतीस. मग एकदम चार.

डावीकडे दीड फूट गेलो, चार. उजवीकडे, चार.

मग मी सळई स्टुलाच्या पुढे, खाली आणली. का आणली कोण जाणे.

गुडघ्याच्या उंचीवर एका जागी सदतीस.

चार बोटं सोडून... चार.

आणि त्याच्या बाजूला पुन्हा... सदतीस.

दोन गुडघे.

मी हात मागे घेतला.

तेवढ्यात साहेब आले. हसतमुख माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात कॉफीचा कप. "काय मिस्त्री, सापडलं का दुखणं?"

मी तोंडाला येईल ते बोललो. "कोपऱ्यात हवा फिरत नाही. पंख्याची दिशा बदलतो."

"तेच म्हणतो मी. उगाच हिच्या डोक्यात काहीतरी भरलंय."

मी पंखा वळवला. थेट कोपऱ्यावर. साहेब गेल्यावर परत सळई धरली.

सदतीस.

परत जाताना वहिनीला घरी सोडायला मी गाडीत घेतलं.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हालाही दिसलं ना?"

"दिसलं काही नाही. आकडा आला."

"मला ट्यूबा लागतात हाताला. त्या बाजूच्या ट्यूबा कोमट असतात, भाऊजी. कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारख्या."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे न नेता कडेला घेतली.

मग तिने सांगितलं.

अक्का गेल्या तो रविवार अक्कांचा नव्हता. वहिनीचा होता.

त्या दिवशी तिच्या आणि दादाच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. दादाने सिनेमाची तिकिटं काढली होती, बाहेर जेवायचं ठरवलं होतं. दादा असं काही करतो म्हणजे केवढी गोष्ट. तिने सकाळी अक्कांना फोन केला आणि सांगितलं, ताप आलाय.

"अक्का म्हणाल्या, पड तू, मी आहे." वहिनी समोरच्या काचेकडे बघत होती. "शेवटचं हेच बोलल्या माझ्याशी. सोमवारी दार मीच उघडलं. तेव्हा टेबल दाराजवळ असायचं. अक्कांचं स्टूलही तिथेच. पण त्या टेबलाशी नव्हत्या. त्या लांबच्या कोपऱ्यात होत्या. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. डोळे उघडे. कॉलम चालूच होता. शेवटची ट्यूब भरून वाहून गेली होती, जमिनीवर सगळं एन्झाइम."

"चक्कर आली असेल. दिशा कळली नसेल."

"डॉक्टरही तेच म्हणाले." मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांची पाळी संपलीच नाही, भाऊजी. त्या माझी वाट बघत बसल्यात."

 दोन तास आधी मी दोन गुडघे मोजून आलो होतो.

"दादाला माहीत आहे?"

"नाही. त्याने तिकिटं काढली होती. त्याला कसं सांगू?"

पुढचा रविवार तिचा होता. नवीन लॉट. एकटीने जायची हिंमत नव्हती आणि न जायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, मी येतो. पंखा तपासायचाय असं सांगू.

रविवारी आम्ही सकाळी नऊला पोचलो. वॉचमनने वहीत नावं घेतली. वरचा मजला रिकामा. दिवे सगळे लावले तरी ऑफिस रिकामं असलं की कसं मोठं वाटतं, तसं वाटत होतं.

वहिनीने जाड जॅकेट घातलं, कॉलम सुरू केला. मी टेबल ओढून दाराजवळ आणायचं म्हटलं, तर तो रॅक आडवा. हलेना. मग ती टेबलाच्या या बाजूला उभ्यानेच काम करत राहिली. स्टुलाकडे बघत नव्हती. मी दाराशी, एक पाय आत, एक बाहेर.

थेंब... थेंब... थेंब... टक्.

दर पाच मिनिटांनी टक्. मी मोजत होतो. बारापर्यंत सगळं ठीक होतं. मध्ये आम्ही बाहेर येऊन डबाही खाल्ला. ती थोडी हसलीसुद्धा.

साडेबाराला परत आत गेलो.

आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

काय ते लगेच कळेना. पंखा चालू होता. कॉलममधून थेंब पडत होते, मला दिसत होते. एक... दोन... तीन.

आवाज येत नव्हता.

थेंब ट्यूबमध्ये पडत होता आणि आवाज येत नव्हता. यंत्र फिरलं. पुढची ट्यूब आली. टक् झालं नाही. पंख्याची पाती फिरत होती, घरघर नव्हती. कानात कापूस कोंबल्यासारखी शांतता.

"वहिनी," मी म्हणालो. माझा आवाज मला नीट ऐकू आला. म्हणजे कान ठीक होते.

ती वळली नाही. ती स्टुलाकडे बघत होती.

एवढ्या गारठ्यात बोललं की तोंडातून वाफ दिसते. माझी दिसत होती. तिची दिसत होती.

आणि स्टुलाच्या वर...

तिसरी.

बारीकशी. पांढरट. आली... विरली. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा आली... विरली. झोपलेल्या माणसाचा श्वास असतो तशी. अगदी सावकाश.

 बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं म्हणून सांगतो.

वहिनीने जे केलं ते मी कधीच करू शकलो नसतो. ती दोन पावलं पुढे गेली. हातमोजे काढले. आणि आपण घरातल्या मोठ्या माणसाशी बोलतो तशी बोलली.

"अक्का, मला ताप नव्हता. मी खोटं बोलले. आम्ही सिनेमाला गेलो होतो."

वाफ आली... विरली.

"माझी पाळी होती. तुम्ही माझ्यासाठी बसलात. मला कुणाला सांगता आलं नाही, तुमच्या मुलीलाही नाही. ती माझा हात धरून रडली आणि मी गप्प बसले."

तिने ट्यूबांकडे बोट केलं.

"आता मी आलेय. उरलेल्या ट्यूबा मी बघते. तुम्ही उठा, अक्का. घरी जा."

वाफ आली नाही.

मी वाट बघितली. एक... दोन... दहापर्यंत मोजलं. नाही आली.

मग त्या शांततेत पहिला आवाज झाला.

स्टूल सरकलं.

थोडंसंच. बसलेला माणूस उठताना मागे सरकतं, तेवढं.

"भाऊजी," वहिनी मागे न बघता म्हणाली, "दार उघडा. पूर्ण उघडा. त्यांना जाऊ दे."

मी दार उघडलं. ते आपोआप मिटतं, म्हणून पाठीने रेटून धरून उभा राहिलो. दुसऱ्या हातात मीटर होता, सळई पुढे. सवय. भीतीतही माणसाचा हात सवयीचंच काम करतो.

चार... चार... चार...

वहिनीच्या जॅकेटची बाही हलली. तिने डोळे मिटले.

सहा... तेरा...

सदतीस.

ते माझ्यासमोर होतं.

गेलं नाही. थांबलं.

एखादा माणूस अगदी जवळ येऊन तोंडाकडे निरखून बघतो, तेव्हा चेहऱ्यावर जशी ऊब लागते, तशी ऊब माझ्या कपाळावर लागली. मग डोळ्यांवर. आकडा सदतीसवर खिळलेला. किती वेळ, माहीत नाही. मी कसंबसं म्हणालो, "जा, अक्का."

मग ऊब माझ्या खांद्याला घासून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली.

चार.

थेंबाचा आवाज आला. टक् झालं. पंखा घरघरू लागला. खाली वॉचमनच्या रेडिओवर कुणीतरी गात होतं.

वहिनी स्टुलावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मी कोपरा मोजला. वर, खाली, पुढे, मागे.

सगळीकडे चार.

तो लॉट उत्तम निघाला. त्याच्या पुढचाही. साहेब म्हणाले, हिच्याही हाताला गुण आला. वहिनीने दादाला सगळं सांगितलं. अक्कांच्या मुलीकडे जाऊन तिलाही सांगितलं. मुलगी रागावली नाही. दोघी खूप वेळ बोलत बसल्या. वहिनी आता शांत झोपते. कधी भेटली की म्हणते, "अक्का सुटल्या, भाऊजी. तुमच्यामुळे."

मीही तसंच मानलं होतं.

एकच गोष्ट डोक्यात राहिली होती. मी सहा फुटांचा माणूस. ती ऊब माझ्या कपाळाला लागली होती. आणि कंपनीच्या भिंतीवरच्या फोटोत अक्का वहिनीशेजारी उभ्या आहेत... वहिनीच्या खांद्याएवढ्या. पण भुताला काय उंची, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

जूनमध्ये साहेबांनी मला वर्षाच्या देखभालीचं काम दिलं. म्हणाले, "जुने आकडे हवे असतील तर अक्कांची वही आहे. मशीनमधून आकड्यांचा छापील कागद निघतो म्हणून ती कुणी उघडत नाही. पण त्या आपल्या समाधानासाठी हाताने लिहायच्या. जुनी माणसं."

मी ती वही स्टोअरमध्ये बसून उघडली. सुबक, गोल अक्षर. दिवसाला दोन नोंदी. सकाळ, दुपार. तीन जागा.

दार ४. पंखा ४. कोपरा ३७.

मी पान उलटलं.

दार ४. पंखा ४. कोपरा ३७.

एक महिना मागे गेलो. एक वर्ष. पाच वर्षं. पहिल्या पानावर तारीख आठ वर्षांपूर्वीची होती.

दार ४. पंखा ४. कोपरा ३७.

अक्का जिवंत होत्या. रोज त्याच खोलीत काम करत होत्या. आणि ती ऊब कोपऱ्यात होतीच.

ती अक्का नव्हती.

कधीच नव्हती.

मधे मधे समासात बारीक अक्षरात त्यांनी स्वतःसाठी सूचना लिहिल्या होत्या. "टेबल दाराजवळच ठेवणे." "कोपऱ्याकडे पाठ करू नये." आणि एका पानावर, खाली दोन रेघा मारून... "दार उघडं धरू नये."

कुणी म्हणेल, गारठा जाऊ नये म्हणून लिहिलं असेल. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं.

मग मी शेवटचं पान काढलं. नोव्हेंबरातला तो रविवार.

सकाळी नऊ. दार ४. पंखा ४. कोपरा ३७. नेहमीसारखं.

दुपारच्या नोंदी मात्र एक नव्हे, तीन होत्या. पहिल्या दोन नोंदींशेजारी वेळाही लिहिलेल्या.

बारा वाजून दहा. कोपरा ४. पंखा ३७.

बारा वाजून वीस. पंखा ४. टेबल ३७.

तिसऱ्या ओळीत वेळ नव्हती. अक्षर वाकडं, पेन कागदात रुतलेलं.

दार ३७.

त्याखाली काही नाही.

म्हणजे अक्कांना चक्कर आली नव्हती. दिशा चुकली नव्हती. दारापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांब त्या गेल्या होत्या.

मी वही होती तिथे ठेवली. वहिनीला सांगितलं नाही. दादालाही नाही. ती शांत झोपते, तिची झोप मी मोडणार नाही. त्या खोलीत आता काही नाही, हे मात्र मी दर महिन्याला जाऊन स्वतः मोजून येतो. सगळीकडे चार.

ते बाहेर आहे.

दार मी उघडलं होतं. पाठीने रेटून धरलं होतं. आणि बाहेर जाण्याआधी ते माझ्यासमोर थांबलं होतं, माझा चेहरा बघून ठेवावा तसं.

हल्ली कुठेही कामाला गेलो की आधी दाराजवळचं तापमान घेतो. लोक हसतात. म्हणतात, मिस्त्री, फ्रिज तर आत आहे.  आतापर्यंत सगळीकडे आकडा बरोबर आलाय.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र मी अजून मोजलेलं नाही.